टाकीतले क्लोरीन आणि गावाचा हिशेब

जुलाब, कावीळ, विषमज्वर यांवर उपचार दवाखान्यात होतात. पण या आजारांची सुरुवात बहुधा गावाच्या पाण्यात असते आणि त्या पाण्याचा कारभार ग्रामपंचायतीकडे असतो. ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवायच्या २९ विषयांत पिण्याचे पाणी, स्वच्छता आणि आरोग्य यांचा समावेश केला. शाश्वत विकासाचे नेतृत्व म्हणजे काय, याची पहिली परीक्षा म्हणूनच पाण्यावर होते.

संगमनेर तालुक्यात ही परीक्षा दुहेरी आहे. प्रवरेच्या काठी बारमाही बागायत, तर साकूर-घारगावच्या पठारावर उन्हाळ्यात टँकरची वाट. पठारावर पाणी कमी पडते. बागायती पट्ट्यात पाणी आहे, पण विहिरींच्या पाण्यात नायट्रेट आणि क्षार वाढल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे.

येथे एक फरक समजून घ्यायला हवा. टीसीएल पावडरने जंतू मरतात. पावडर मिसळल्यावर अर्धा तास थांबावे आणि नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावे, हा साधा नियम. नायट्रेट मात्र क्लोरीनने जात नाही. उकळल्याने तर पाण्याची वाफ होऊन त्याचे प्रमाण वाढते. लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. त्याहून जास्त नायट्रेट असलेल्या पाण्यात वरचे दूध कालवून पाजले, तर सहा महिन्यांच्या आतील बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते आणि बाळ निळे पडू शकते. हे नायट्रेट येते जादा युरियातून, उकिरड्यातून आणि शोषखड्ड्यांतून. म्हणजे त्यावरचा उपाय औषधात नाही, गावाच्या निर्णयात आहे.

असे निर्णय घेता येतात, हे याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने दाखवले. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. पुढे गावाने पाणलोटाची कामे केलीच. पण त्याहून अवघड गोष्ट म्हणजे शेतीसाठी बोअरवेल नको, ऊस नको, हे ठरवले आणि पाळले. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी माणसे व जनावरे, मग पिके.

‘नाही’ म्हणणारा सरपंच निवडून येत नाही, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो अगदीच खोटा नाही. पण आकडे सर्वांसमोर असले की नकार एकट्या सरपंचाचा राहत नाही, तो गावाचा होतो. पैशाची सबबही पूर्ण खरी नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ पासून ग्रामपंचायतींच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठीच राखून ठेवली. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे.

तेव्हा संगमनेरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने तीन कागद फलकावर लावावेत: रोजच्या क्लोरीन तपासणीची नोंद, प्रयोगशाळेचा नायट्रेटसह अहवाल आणि पावसाळ्यानंतरचा पाण्याचा ताळेबंद. ग्रामसभेत ते मोठ्याने वाचावेत. सरपंच पाच वर्षांनी बदलेल. ही नोंद पुढच्याच्या हाती जायला हवी. मतदारांनीही सभामंडप आणि रस्त्याबरोबर एक प्रश्न विचारावा: आज नळाला क्लोरीन किती होते?