मीठ खोटे की माप खोटे?

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळीच आमचा डोंबिवलीचा भाचा कल्याणला आमच्या घरी येऊन थडकला. चेहऱ्यावर बारा वाजलेले. "जयभीम मामा," एवढेच म्हणून त्याने पिशवी खाली ठेवली आणि तिच्यातून मिठाची तीन पाकिटे काढली. मीठ म्हणजे आमटीतले नव्हे. बारावीनंतर दोन वर्षे नोकरीसाठी चपला झिजवून हा मुलगा आता लोकांच्या काचेच्या टाक्या आणि त्यांतले मासे सांभाळण्याच्या कामाला लागला आहे. बाकी सगळ्या टाक्या गोड्या पाण्याच्या. ठाण्यातल्या एका दवाखान्यातली समुद्री टाकी ही त्याची पहिलीच. दोनशे लिटर पाणी, क्लाउन माशांची एक जोडी आणि थोडी मऊ पोवळी.

तीच टाकी बिघडली होती. पोवळी आठ दिवस मिटून बसलेली, मासे अन्नाला तोंड लावीनात. "मामा, डॉक्टर म्हणतात, तू मिठागराचे मीठ ओतलेस. महिन्याचे पैसे अडवलेत. ते चार जणांत बोलले तर मला कोण उभे करील?"

"ओतलेस का?" आम्ही विचारले. विचारायलाच हवे होते.

"नाही मामा. पण त्याच आठवड्यात पाकीट बदलले. स्वस्तातले आणले."

इथे थोडे थांबून मिठागराचे सांगतो. मुलुंड-भांडुपची, भाईंदरची मिठागरे आपल्या सर्वांच्या पाहण्यातली. तिथले मीठ समुद्राच्याच पाण्याचे, मग ते टाकीत का चालू नये, हा प्रश्न आम्हालाही पडला होता. उत्तर असे की, समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी आपले खायचे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराईड, साधारण २७ ग्रॅम. उरलेल्या आठ ग्रॅमांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट वगैरे मंडळी. मिठागरात उन्हाने पाणी आटू लागले की कॅल्शियमचे क्षार आधी तळाला बसतात, मग मीठ धरते आणि मॅग्नेशियम मागे राहिलेल्या कडू पाण्यात राहते. ते पाणी काढून टाकतात. म्हणून तर मीठ खाण्यासारखे होते! पण पोवळ्यांना नेमके ते टाकून दिलेलेच हवे असते. दुकानातल्या आयोडिनच्या मिठाची तीच गत.

समुद्रात मात्र या क्षारांचे आपसातले प्रमाण जवळजवळ सगळीकडे सारखे. 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या सफरीत गोळा केलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ साली हे आकड्यांनिशी मांडले. टाकीसाठीचे तयार मीठ, ज्याला धंद्यात सॉल्ट मिक्स म्हणतात, ते याच प्रमाणावर बेतलेले असते. कल्याण हे एके काळचे मोठे बंदर, खाडी आजही दारात. पण ते पाणी पावसाळ्यात अळणी होते आणि एरवी त्यात सांडपाणी, कारखान्यांचे पाणी काय काय मिसळलेले. ते टाकीत घालायची सोय नाही. तेव्हा पाकीट आलेच.

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. रसायनशास्त्र आमचे नव्हे, पण ताळा घेणे हे आमचेच काम. जुनी वही काढली, तीन रकाने आखले. गॅलरीत तीन बादल्या, प्रत्येकीत दहा लिटर आर.ओ.चे पाणी. नळाचे पाणी घेतले असते तर त्यातले क्षार आणि क्लोरीनही हिशेबात आले असते. मीठ पाण्यात घालायचे, पाणी मिठावर ओतायचे नाही; नाहीतर कॅल्शियमचा पांढरा गाळ धरतो. लिटरला ३८ ग्रॅम मीठ वजनकाट्यावर मोजून घातले (मिठात मुळातच थोडे पाणी धरलेले असते, म्हणून ३५ वर तीन), छोटे पंप सोडले आणि पाणी नितळ होईपर्यंत चहा घेतला.

भाच्याने आपले नवे रिफ्रॅक्टोमीटर काढले. काचेवर थेंब ठेवून उजेडाकडे पाहिले की क्षारता दाखवणारे हे साधन. दोन बादल्यांत त्याने ३१ दाखवले, तिसरीत त्याहून कमी. आम्ही चमकलो. वजन डोळ्यांदेखत केलेले. तीनही कंपन्या एकदम चोर कशा?

"हे यंत्र तपासलेस का?"

"आर.ओ.च्या पाण्यात बरोबर शून्य दाखवते ना, मामा."

शून्य बरोबर म्हणजे ३५ बरोबर असे नाही. हापिसात रोकड रिकामी असताना जुळते, भरली की चुकते, तसे! त्याची पडताळणी घरच्या घरी होते. ३६.५ ग्रॅम साधे मीठ ९६३.५ ग्रॅम आर.ओ.च्या पाण्यात विरघळवले की त्या द्रावणात प्रकाश तेवढाच वाकतो, जेवढा ३५ क्षारतेच्या समुद्रात. केले. यंत्राने दाखवले ३१.

भाचा मटकन खाली बसला. आता सगळे जुळले. पूर्वीचे हायड्रोमीटर फुटल्यावर त्याने हे यंत्र आणले, चांगल्या टाकीत ३१ दिसले, म्हणून घाबरून एका संध्याकाळी जवळजवळ किलोभर मीठ वाढवले. ३५ चे साडेएकोणचाळीस झाले. तांबड्या समुद्रात एवढ्या खारटपणात पोवळी जगतात, पण ती पिढ्यान्‌पिढ्या. एका रात्रीत नव्हे. पाकीट आणि यंत्र एकाच आठवड्यात बदलले आणि बालंट आले ते स्वस्त पाकिटावर.

यंत्राचा स्क्रू फिरवून त्या द्रावणावर ३५ लावले आणि मग मिठाची खरी परीक्षा घेतली. तीनही बादल्या आधी ३५ वर आणल्या. क्षारता समान नसेल तर पुढच्या आकड्यांची तुलना फुकट. नंतर अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद. परीक्षानळीत थेंब टाकत जायचे, निळ्याचे पिवळे झाले की थेंब मोजायचे. समुद्रात ती सातच्या आसपास, कॅल्शियम लिटरला सव्वाचारशे मिलिग्रॅमच्या आतबाहेर, मॅग्नेशियम तेराशेच्या आसपास. स्वस्त पाकीट या आकड्यांना धरून निघाले. महागड्याची अल्कलिनिटी अकराच्या वर. ते कठीण पोवळी झपाट्याने वाढवणाऱ्यांसाठी बनवलेले. आपल्याकडे कठीण पोवळी २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती मालवणच्या समुद्रात असावीत, तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, दवाखान्यात नव्हे. कोणी गिऱ्हाइकाने मागितली तरी आणायची नाहीत, हे आम्ही भाच्याकडून कबूल करून घेतले. मग त्यांच्यासाठीच्या मिठाचे पैसे का मोजावे?

मधल्या किमतीचे तिसरे पाकीट आषाढापासून उघडे पडलेले, गोळे झालेले. यातले क्षार आपल्याकडच्या दमट हवेत पाणी ओढून घेतात. मग ३८ ग्रॅम मिठात मीठ किती आणि पाणी किती? ते बाद केले. दर आठवड्याला वीस लिटर पाणी बदलायचे तर वर्षाला ४० किलो मीठ लागते. स्वस्त आणि बरोबर मिळत असेल तर तेच घ्यावे, हवाबंद डब्यात ठेवावे, घेण्याआधी डबा लोळवून मीठ एकजीव करावे. मात्र नवीन पाकीट म्हणजे नवीन परीक्षा, तेच नाव असले तरी.

संध्याकाळी वही घेऊन दोघे ठाण्याला गेलो. आम्ही बोलणार होतो, पण भाचाच पुढे झाला. "डॉक्टरसाहेब, मीठ चांगले होते. चूक माझी. यंत्र न तपासता मीठ वाढवले." डॉक्टरांनी वही चाळली, चष्मा काढला, पुन्हा लावला. म्हणाले, "हे थेंबांचे मला करून दाखव." त्याने दाखवले. पेशंट खोळंबले होते, त्यांनीही पाहिले.

आठवडाभर रोज थोडे पाणी काढून तेवढेच आर.ओ.चे घालत क्षारता उतरवली. पाचव्या दिवशी मासे खाऊ लागले. पोवळ्यांना आणखी वेळ लागला. त्यातले एक गेलेच. अडवलेल्या पैशांतून डॉक्टरांनी त्याची किंमत कापून घेतली आणि बाकीचे दिले. भाच्याला ते लागले. आम्हाला विचाराल तर हिशेब बरोबर होता.