लिनक्स सुरूच होत नाही? कॉम्प्युटर फॉरमॅट करण्याआधी हे वाचा

समजा, हरिहरेश्वरमधल्या एका घरगुती लॉजच्या काउंटरवर दहा वर्षं जुना कॉम्प्युटर आहे. बुकिंग, बिलं, पाहुण्यांचे फोटो, सगळं त्यावरच. विंडोजसोबत त्यात लिनक्सही टाकलंय आणि सुरू करताना हवं ते निवडता येतं. यालाच ‘ड्युअल बूट’ म्हणतात. ऐन सुट्टीत लिनक्स उघडणं बंद होतं आणि सल्ला मिळतो, ‘फॉरमॅट करून टाका.’

हा प्रश्न आता अनेकांचा का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि तुलनेनं नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे जुनी मशीन वापरणारे लिनक्सकडे वळत आहेत, पण सवयीचं विंडोजही ठेवत आहेत.

लिनक्स अडतं कुठे?

ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने हे जगभर दाखवून दिलं. ‘सिक्युअर बूट’ म्हणजे कॉम्प्युटरच्या दारावरचा पहारेकरी. सही पटली तरच तो सिस्टीम सुरू होऊ देतो. लिनक्स सुरू करणाऱ्या ‘ग्रब’ या प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्त्यांत त्रुटी होती, म्हणून अपडेटने पहारेकऱ्याला त्या अडवायला सांगितलं. ड्युअल बूट मशीनना हे लागू होणार नव्हतं, पण अनेक मशीन ओळखलीच गेली नाहीत. स्क्रीनवर ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ आलं आणि लिनक्स थांबलं. मायक्रोसॉफ्टची कायमची दुरुस्ती आली ती मे २०२५ मध्ये.

महत्त्वाचं म्हणजे, यात डेटा पुसला गेला नव्हता. फक्त दार बंद झालं होतं.

मग करायचं काय?

• आधी बिटलॉकरची रिकव्हरी की जवळ ठेवावी. नंतर बायॉसमध्ये सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लिनक्स अपडेट करावं आणि ते पुन्हा चालू करावं.

• निवडीचा मेनू न येता थेट विंडोज उघडत असेल, तर बायॉसमधल्या बूट ऑर्डरमध्ये लिनक्स वर आणावं.

• लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही सेव्ह होत नसेल, तर विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावं. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होतच नाही.

• घड्याळ साडेपाच तास चुकत असेल, तर तो बिघाड नाही. विंडोज भारतीय वेळ साठवतं, लिनक्स जागतिक वेळ. लिनक्सची सेटिंग बदलली की जुळतं. तारीखच वर्षानुवर्षं मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा छोटा सेल बदलावा.

तरीही लिनक्स सुरू झालं नाही, तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून फाइल्स बाहेर काढाव्यात. फॉरमॅटचा विचार त्यानंतर. कारण सिस्टीम पुन्हा टाकता येते, बॅकअप नसलेली बुकिंगची वही परत मिळत नाही.