कौल, दस्तक आणि चाचा

'आज्ञापत्रा'तले आरमाराचे प्रकरण आपण एम. ए.च्या वर्गात बहुधा घाईने उरकतो. दुर्ग आणि वतने यांवर भरपूर बोलतो, समुद्रावर क्वचितच. त्यामुळे 'चाचे' हा शब्द आपल्या लेखनात बिनचौकशी वावरतो. कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांच्यावरचा हा इंग्रजी आरोप मराठी लेखक एकतर सहज उचलतात, नाहीतर अभिमानाने धुडकावून मोकळे होतात. तपशिलात शिरायचे मात्र राहून जाते.

सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज 'कार्ताझ' नावाचा परवाना विकत असत. तो नसलेले व्यापारी जहाज जप्त होई. आंग्र्यांचे दस्तक त्याच परिपाठातले. रामचंद्रपंत अमात्य तर बिनकौली परमुलखी तरांड्यांनाही सौम्य बोलून, दिलासा व कौल देऊन बंदरात आणावे, असे बजावतात. आदर्श आणि आचार यांत अंतर असणारच. तरी हे धोरण लुटारूचे नव्हे.

आता दुसरी बाजू. १६९५ मध्ये औरंगजेबाचे 'गंज-ए-सवाई' हे जहाज लुटणारा हेन्री एव्हरी इंग्रज होता. सुरतेच्या वखारीतले इंग्रज त्यापायी कैदेत पडले आणि मोगल जहाजांच्या राखणीची हमी कंपनीला द्यावी लागली. १७५६ मध्ये विजयदुर्गात आंग्र्यांचे आरमार जळाले (पेशव्यांच्या संगनमताने, हे आपल्याला टोचायलाच हवे). १७५९ मध्ये सुरतेचा किल्ला घेऊन कंपनीने मोगल आरमाराची सनद आणि तिचा तनखाही मिळवला. ज्यांच्या देशबांधवाने लूट केली, तेच पगारी राखणदार झाले.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या हिंगोलीला हा हिशेब परका वाटू नये. निजामाच्या खर्चाने पोसलेल्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीतल्या हैदराबाद कंटिंजंटची इथे छावणी होती. त्याच फौजेच्या थकबाकीपोटी १८५३ मध्ये वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली गेले. दस्तकाचे पैसे मागणारा चाचा आणि फौजेच्या बिलापोटी प्रांत ताब्यात घेणारा संरक्षक, ही वाटणी कागद लिहिणाऱ्याने केली आहे. भाषेच्या अध्यापकांनी ती जशीच्या तशी का स्वीकारावी?

'कौल' म्हटले की विद्यार्थ्यांना छपरावरचे कौल आठवते, फार तर देवाचा कौल. 'आज्ञापत्रा'च्या विद्यार्थी-आवृत्तीत या शब्दाला निदान एक सविस्तर टीप हवी, आणि ती 'कार्ताझ'शी ताडून लिहिलेली हवी.