चाकाचा नट ढिला, दोष कोणाचा?

धान निघाले की आपल्या भंडारा जिल्ह्यातले रस्ते ट्रॉल्यांनी भरून जातात. तुमसरचा बाजार असो की जवळचे आधारभूत खरेदी केंद्र, पोत्यांनी लादलेली ट्रॉली खड्ड्यांतून हेलकावे खात जाते. तिचे चाक निखळले की आपण रस्त्याला शिव्या देतो, नाहीतर नशिबाला. पण शेतकरी बंधूंनो, नटाकडे आपण बघतो का?

काही जण म्हणतात, डाव्या चाकाला उलट्या आट्यांचे नट पाहिजेत. यात तथ्य नाही असे नाही. गाडी पुढे जाताना डावे चाक बाहेरून पाहा, ते घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरते. साधा नटही त्याच दिशेने उघडतो. म्हणून कित्येक जुन्या ट्रकांना डावीकडे उलटे आटे असत. सायकलच्या डाव्या पायडलला ते आजही असतात.

परंतु आज बहुतेक गाड्यांना दोन्हीकडे सुलटेच आटे असतात. कारण नट टिकतो तो ताणलेल्या बोल्टच्या पकडीने. रिम आणि ड्रम यांच्यामध्ये चिखल, गंज किंवा दसऱ्याला मारलेल्या रंगाचा थर राहिला, तर चार खेपांत तो दबतो आणि पकड जाते. मग रिम किंचित सरकू लागते. अशा वेळी आटे कसेही असोत, नट सुटू शकतो. पान्याला लांब पाइप लावून उड्या मारणे हाही उपाय नव्हे. बोल्ट मर्यादेबाहेर ताणला की त्याचा जीव गेलाच समजा.

तेव्हा रिम टेकते ती जागा तारेच्या ब्रशने घासा. नट ओळीने नव्हे, समोरासमोरचे आवळा. चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरच्या आत पुन्हा पाना लावा. नटाखालून गंजाचा ओघळ दिसला तर गाडी हलवू नका.

सरपंच आणि सचिवांनी ग्रामपंचायतीच्या टँकरपासून सुरुवात करावी. खरेदी केंद्रावर ट्रॉल्या तासन् तास रांगेत उभ्या असतात, तिथे एक पाना ठेवायला असा काय खर्च येतो? मनाई असूनही रोवणीला याच ट्रॉल्यांत आयाबाया बसवून नेतात, हे सर्वांना ठाऊक आहे. ते बंद झालेच पाहिजे. आणि या हंगामात पहिली खेप भरण्याआधी प्रत्येकाने आपल्या चाकाला एकदा पाना लावावा, एवढीच विनंती.