निष्काळजीपणा नव्हता, तरीही भरपाई (धागा)

१/ लशीमुळे झालेल्या इजेची भरपाई मागणारा माणूस म्हणजे लसविरोधक, हे समीकरण आपल्याकडे फार सहज मांडले जाते. इतिहासाच्या कसोटीवर ते टिकत नाही.

२/ १२ एप्रिल १९५५. जोनास साल्क यांची पोलिओ लस सुरक्षित असल्याची घोषणा अमेरिकेत झाली. दोनच आठवड्यांत कॅलिफोर्नियातील कटर लॅबोरेटरीजची लस घेतलेल्या मुलांनाच पोलिओ होऊ लागला. फॉर्माल्डिहाइडने निष्क्रिय व्हावयाचा विषाणू काही साठ्यांत जिवंत राहिला होता. सुमारे २०० जणांना पक्षाघात झाला, १० जण दगावले.

३/ पुढे दोन मुलांच्या वतीने खटला उभा राहिला. वकील होते मेल्विन बेली. लक्षात घ्या, ही लस नाकारणारी कुटुंबे नव्हती. लशीवर विश्वास ठेवल्यामुळेच ती न्यायालयात पोहोचली होती. १९५८ साली ज्यूरीने दिलेला कौल आजही चकित करतो. कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. तरीही भरपाई तिनेच द्यावी! शरीरात टोचण्यासाठी विकलेली वस्तू निर्धोक असेल, ही हमी कोणी उच्चारली नाही तरी त्या व्यवहारातच अध्याहृत असते, हा त्यामागील आधार. १९६० साली अपील न्यायालयाने हा निकाल कायम केला.

४/ आणि लसीकरण बुडाले का? नाही. चाचण्या कडक झाल्या, मोहीम पुढे गेली, पोलिओ ओसरला.

५/ दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लशीनंतर घडलेले सारे लशीमुळेच घडलेले नसते. १९८०च्या दशकात त्रिगुणी लशीवरील दाव्यांचा असा पूर आला की उत्पादक बाजार सोडू लागले. त्यावर अमेरिकेने १९८६ साली कायदा करून लशीच्या मात्रेवरील करातून निधी उभारला; दोष सिद्ध करण्याची अट काढली. ब्रिटनने तर १९७९ सालीच तशी तरतूद केली होती.

६/ आता आपल्याकडे पाहा. कोविड लशीनंतर मुली गमावलेल्या पालकांच्या याचिकेवर केंद्र सरकारने २०२२ साली सर्वोच्च न्यायालयात भूमिका मांडली: राज्य जबाबदार नाही, निष्काळजीपणाबद्दल भरपाई हवी असल्यास दिवाणी वा ग्राहक न्यायालयात जावे. म्हणजे, कॅलिफोर्नियातील त्या ज्यूरीला कंपनीची सारी कागदपत्रे चाळूनही जे सापडले नाही, ते एका शोकाकुल कुटुंबाने स्वखर्चाने शोधून आणावे.