कौल आणि कसोटी

मतमोजणी झाली की निवडणूक संपली, असे मानणाऱ्यांनी वर्ध्याचा इतिहास आठवावा. २९ जानेवारी १९३९ रोजी काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी प्रांतोप्रांतीच्या प्रतिनिधींनी मतदान केले. सुभाषचंद्र बोस यांना १५८०, तर डॉ. पट्टाभी सीतारामय्यांना १३७७ मते पडली. अंतर अवघे २०३ मतांचे! सुभाषबाबूंच्या पाठीराख्यांना वाटले, आता मार्ग निष्कंटक झाला. परंतु पट्टाभींचा पराभव हा आपलाच पराभव असल्याचे गांधीजींनी जाहीर केले. २२ फेब्रुवारीला वर्ध्यात, अध्यक्ष आजारपणामुळे अनुपस्थित असताना, कार्यकारिणीच्या बहुतेक सदस्यांनी राजीनामे दिले. मार्चमध्ये त्रिपुरी अधिवेशनात, गांधीजींच्या इच्छेनुसारच कार्यकारिणी नेमावी, असा ठराव संमत झाला. २९ एप्रिलला सुभाषबाबूंनी पद सोडले.

मनाजोगे सहकारी निवडण्यास अध्यक्ष मोकळे राहावेत, असा युक्तिवाद राजीनामे देणाऱ्यांनी केला. मग त्रिपुरीत तेच स्वातंत्र्य का आवळले गेले? या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नाही. मतपेटी अध्यक्ष देते. त्याला काम करू देणारे मन देत नाही. ते कार्यकर्त्यांनाच घडवावे लागते.

आणि जिंकूनही डावलले गेलेल्यांनी काय करावे? ६ जुलै १९४४ रोजी आझाद हिंद नभोवाणीवरून सुभाषबाबूंनी गांधीजींना राष्ट्रपिता म्हणून संबोधिले आणि आशीर्वाद मागितला. मतभेद राहिले, मनात कटुता उरली नाही. आपल्या उमेदवारासाठी जिवाचे रान करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने हे ध्यानी ठेवावे.