नमाज अरबीत, समज मराठीत

नमाज शिकायला वयाची अट नाही, तरी आपण लाजेने ती घालून ठेवली आहे. आठ वर्षांच्या मुलाचे मकतबमध्ये चुकले तर त्याला दुरुस्त करतात. बावीस वर्षांच्या मुलाने ‘मला अत्तहियात येत नाही, शिकवा’ म्हटले तर आजूबाजूचे चमकून बघतात. म्हणून तो म्हणतच नाही. जुम्म्याला मागच्या सफीत उभा राहतो, शेजारचा वाकला की वाकतो, शेजारचा सजद्यात गेला की जातो, सलाम फिरवून निघून येतो. कोल्हापुरात, इचलकरंजीत, कागल-गडहिंग्लजकडे अशी मुले मला सतत भेटतात. मुलींची अडचण याहून मोठी आहे. त्यांना बघून शिकायला शेजारची सफही नसते. आईला जेवढे आले तेवढेच मुलीकडे येते, आणि पाळीच्या दिवसांत सुटलेल्या नमाजा नंतर भरून काढायच्या नसतात, रोजे मात्र भरून काढायचे असतात, एवढी साधी गोष्टही कुणी नीट सांगितलेली नसते.

ही मुले बेफिकीर आहेत असे मला वाटत नाही. अडचण बरीचशी भाषेची आहे. आपल्या घरात दखनी बोलतात, शाळेत मराठी शिकतात. उर्दू बोललेली कळते, पण लिपी वाचता येत नाही. अरबी तर त्याच्याही पलीकडे. मौलाना बयान करतात ते उर्दूत, तेही जड उर्दूत. मग हाताशी उरते ते मशिदीबाहेर मिळणारे देवनागरीतले नमाजचे पुस्तक किंवा मोबाईलवरचा व्हिडिओ.

देवनागरी पुस्तकाला मी नावे ठेवणार नाही. त्याने हजारो लोकांना मुसल्ल्यावर उभे केले आहे. पण त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. अरबीत ‘क’सारखे ऐकू येणारे दोन वेगळे वर्ण आहेत. घशाजवळून काढलेल्या ‘क’ने ‘कल्ब’ म्हटले तर अर्थ होतो हृदय. आपल्या नेहमीच्या ‘क’ने म्हटले तर अर्थ होतो कुत्रा. मराठीत दोन्ही एकसारखेच लिहिले जातात. ‘स’ आणि ‘ह’ यांचीही तीच गत. म्हणून पुस्तकावरून सुरुवात जरूर करा, पण महिन्याभरात कुणा जाणत्यासमोर बसून उच्चार दुरुस्त करून घ्या, आणि सवडीने नूरानी कायदा हातात घ्या. अरबीचे वर्ण अठ्ठावीसच आहेत. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांना ते जड जाण्याचे कारण नाही.

सुरुवातीला लागते तरी किती? वुजूचे चार फर्ज सूरह माइदामध्ये आले आहेत: चेहरा धुणे, कोपरांपर्यंत हात धुणे, डोक्यावरून ओला हात फिरवणे, घोट्यांपर्यंत पाय धुणे. पाच नमाजांच्या फर्ज रकात मिळून 17 होतात: फजरच्या 2, जुहरच्या 4, असरच्या 4, मगरिबच्या 3, इशाच्या 4. पाठ काय करायचे? फातिहा, म्हणजे सात आयती. एक छोटी सूरह. कौसर तीन आयतींची आहे, इख्लास चार आयतींची. रुकू आणि सजद्यातली तस्बीह, अत्तहियात, दरूद आणि सलाम. रोज अर्धा तास दिला तर महिन्यात होते. किब्ला कोल्हापुरातून नेमका पश्चिमेला नाही, तर पश्चिमेपासून उत्तरेकडे साधारण 14 अंश वळलेला आहे. प्रवासाचा नियमही आपल्या रस्त्यांवरच समजून घेता येतो. कोल्हापूरहून सांगलीला जाऊन आलात तर नमाज पूर्ण. पुण्याला चार दिवसांच्या कामासाठी गेलात तर हनफी पद्धतीत चार रकातीची फर्ज दोनच पढायची.

इथे एक गोष्ट नव्या माणसाला गोंधळात टाकते. घाटावर आपण बहुतेक हनफी, कोकणातले बरेच बांधव शाफई. रत्नागिरीचा मुलगा शिकायला कोल्हापुरात येतो आणि दोघे खोलीत शेजारी नमाज पढतात. एक रुकूला जाताना हात वर उचलतो, दुसरा नाही. एक ‘आमीन’ मोठ्याने म्हणतो, दुसरा मनात. असरच्या वेळेत तर साधारण तासाभराचा फरक पडतो. यात कुणी चुकलेले नसते. दोन्ही पद्धती हजार वर्षांहून जुन्या आहेत आणि दोन्हींमागे मोठे इमाम आहेत. नव्याने शिकणाऱ्याने एक पद्धत धरावी आणि दुसऱ्याच्या हातांकडे बघत बसू नये.

आता मुख्य मुद्दा. शब्द पाठ झाले, पण आपण काय म्हणतो ते कळले का? सूरह निसामध्ये नशेत असताना नमाजजवळ जायला मनाई आहे, आणि आपण काय बोलतो ते माणसाला कळले पाहिजे, असे त्याच ठिकाणी सांगितले आहे. नशा न करणाऱ्यालाही ही कसोटी लावून बघावी. वीस वर्षे रोज फातिहा पढणाऱ्या माणसाला तिचा अर्थ विचारला आणि तो गप्प राहिला, तर हा दोष त्याच्या एकट्याचा नाही. शिकवणाऱ्यांनी अर्थाला कधी वेळच दिला नाही.

मराठीचे नाव काढले की काहींना धास्ती वाटते: आता नमाजच मराठीत पढा म्हणणार का? तसे मी म्हणत नाही. हा प्रश्न फार जुना आहे. कूफा शहरात फारसी बोलणारे नवे मुसलमान मोठ्या संख्येने होते, तेव्हा इमाम अबू हनीफा यांच्यासमोर तो आला होता. त्यांच्या नावावर फारसीत पठण करण्याची सवलत नोंदलेली आहे. त्यांच्या दोन शिष्यांनी, अबू यूसुफ आणि मुहम्मद यांनी, ती अरबी न येणाऱ्यापुरतीच ठेवली, आणि पुढे इमामसाहेबही त्याच मताला आले असे हनफी ग्रंथ सांगतात. दुसरे उदाहरण तुर्कस्तानचे. तिथे सरकारने 1932 पासून तुर्की भाषेतली अजान लादली. 1950 मध्ये बंदी उठताच लोक अरबी अजानकडे परतले. हुकमाने भाषा बदलता येत नाही, आणि आपल्याला ती बदलायचीही नाही. कोल्हापूरचा माणूस आणि इंडोनेशियाचा माणूस एकाच सफीत उभे राहू शकतात ते अरबीमुळेच. पढणे अरबीतच राहू दे. शिकवणे आणि समजावणे मात्र मराठीत हवे.

समजले की काय होते ते बघा. फातिहामध्ये मागणी करणारा ‘मी’ नाही, ‘आम्ही’ आहे. रात्री दोनला शिरोली एमआयडीसीतली पाळी संपवून एकट्याने इशा पढणारा कामगारही अल्लाहकडे सरळ रस्ता मागतो तो ‘आम्हाला’. या ‘आम्ही’मध्ये कोण कोण येते, हा विचार ज्याला अर्थ कळतो त्यालाच पडतो. सजद्यात कपाळ जमिनीला टेकलेले असते, शरीर सगळ्यांत खाली असते, आणि तोंडी शब्द असतो ‘सर्वांत उंच’. हे ज्याला कळले त्याचा सजदा आपोआप लांबतो. सूरह माऊन तर आपल्यातल्या बहुतेकांना पाठ असते. अनाथाला झिडकारणारा, गरिबाच्या जेवणाची फिकीर नसलेला, शेजाऱ्याला साधी वस्तू न देणारा नमाजी तिच्यात खडसावला गेला आहे. नुसते पाठ असेल तर ती चटकन संपणारी सूरह आहे. अर्थ कळला तर सलाम फिरवल्यावरही ती पाठ सोडत नाही. मे 2020 मध्ये इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने रमजानमध्ये 36 लाख रुपये जमवून आयजीएम रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा केला. त्या खाटांवर कोण झोपणार, त्याचा धर्म कोणता, हे कुणी विचारले नाही. माऊनचा अर्थ याहून सोप्या मराठीत सांगता येणार नाही.

धर्माची समज मराठीत यावी ही मागणी कोल्हापूरला नवी नाही. 1906 मध्ये शाहू महाराजांनी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग ही त्याच कामाची खूण. कुरआन मराठीत यावे म्हणूनही महाराजांनी पुढाकार घेतला आणि पैसा दिला. इथला मुसलमान मराठीत विचार करतो, हे त्या राजाने शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. आज कुरआनची मराठी भाषांतरे छापील मिळतात, मोबाईलवरही मिळतात. तरीही आपल्या मशिदींच्या फलकावर मराठी दिसते ती बहुतेक वेळा फक्त चप्पल कुठे ठेवायची हे सांगायला.

याला शेजाराचीही एक बाजू आहे. 7 जून 2023 ला कोल्हापुरात काय झाले ते आपण पाहिले. 14 जुलै 2024 ला विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात मशिदीवर आणि घरांवर हल्ला झाला, तेही पाहिले. अजानचा अर्थ मराठीत सांगितला असता तर ते टळले असते, अशा भ्रमात मी नाही. जमाव माहिती कमी पडली म्हणून येत नाही, आणि त्याला आवरणे हे कायद्याचे काम आहे. पण जमावात न गेलेले लोक त्याहून कितीतरी जास्त आहेत. वर्गातली मैत्रीण, तालमीतला जोडीदार, दुकानाशेजारचे काका एखाद्या दिवशी सहज विचारतात, ‘तुम्ही पाच वेळा काय म्हणता रे?’ कुरुंदवाडमध्ये मशिदींत गणपती बसतो त्या जिल्ह्यात असा प्रश्न वैराने विचारलेला नसतो. त्यावर ‘अरबीत असते, मलाही माहीत नाही’ हे उत्तर आपल्याला शोभत नाही. ‘अल्लाह सर्वांत मोठा आहे, नमाजकडे या, भल्याकडे या, आणि पहाटे एवढे जास्तीचे की झोपेपेक्षा नमाज बरी’ हे सांगायला एक मिनिट पुरते.

मशीद कमिट्यांकडे माझी तीन मागणी आहेत. आठवड्यातून एक तास, इशानंतर, मोठ्यांसाठी नमाजचा वर्ग घ्या. मराठीत घ्या, आणि त्यात कुणाला ‘इतकी वर्षे काय करत होता?’ असे विचारायची मनाई असू द्या. दुसरे, तोच वर्ग मुली आणि बायकांसाठी, शिकवणारी बाई असेल असा, मशिदीत किंवा शेजारच्या घरी सुरू करा. तिसरे, जुम्म्याच्या बयानातली दहा मिनिटे मराठीला द्या. ज्या मौलानांना मराठी लिहिता-बोलता येत नाही त्यांच्यासोबत मोहल्ल्यातला एखादा शिक्षक बसवा. यात खर्च नाही, नुसती इच्छा लागते.

आणि तुम्हाला, जे मागच्या सफीत शेजाऱ्याकडे बघून वाकता, त्यांना एवढेच सांगतो. पैगंबर (स.) यांच्यासमोर एका माणसाने घाईघाईत नमाज पढली. त्यांनी त्याला तीन वेळा परत पढायला लावले. शेवटी तो म्हणाला की मला याहून चांगली येत नाही, मला शिकवा. तेव्हा पैगंबरांनी त्याला पायरी-पायरीने शिकवले. ज्याला अजून काहीच पाठ नाही त्याने सुब्हानल्लाह, अलहम्दुलिल्लाह, अल्लाहु अकबर म्हणत उभे राहावे, अशी सवलतही हदीसमध्ये आहे. अडखळत कुरआन पढणाऱ्याला दुप्पट सवाब सांगितला आहे, एक पढण्याचा आणि एक कष्टाचा. येत नाही असे सांगणाऱ्याला आपल्या दीनमध्ये कमीपणा नाही. या जुम्म्याला सलाम फिरवल्यावर लगेच उठू नका. इमामसाहेबांकडे जा आणि आपल्या भाषेत सांगा, ‘मला शिकायचे आहे.’